गॅरेजवर काम करणाऱ्या पोरांनी आता नेमकं काय शिकायचं, आणि कुठं?

पाना_नंबर_बारा

नमस्कार मंडळी. धनकवडीत माझं टू व्हीलरचं गॅरेज आहे, तेवीस वर्षं झाली. कधी धागा काढला नव्हता पण हा विषय काही दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, २०२१ची, एफआयवाली म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, कार्बोरेटर नसलेली. तक्रार काय तर पिकअप नाही, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. माझ्याकडं एक पोरगा आहे, सात वर्षं माझ्या हाताखाली आहे, कार्बोरेटर डोळे मिटून खोलून बसवतो, इंजिनचा नुसता आवाज ऐकून टॅपेट लूज आहे का चेन वाजतीये ते सांगतो. त्याने प्लग बदलला, फरक नाही. एअर फिल्टर बदलला. थ्रॉटल बॉडी साफ केली. मग म्हणाला बॅटरी उतरली असेल, नवीन बॅटरी टाकली. दोन दिवस गाडी उभी. गिऱ्हाईक रोज फोन करतंय आणि पोराचं तोंड उतरलेलं.

शेवटी ओळखीतला एकजण आला, त्याच्याकडं स्कॅनर होता, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. कोड आला पी ०१२२, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (मूठ किती पिळली ते सांगणारा) सिग्नल फारच खाली येतोय. मग त्याने मल्टीमीटर काढला. त्या सेन्सरला तीन वायरी असतात, एक पाच व्होल्टची, एक अर्थ आणि तिसरी सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा आणि पिळत जाऊ तसा चढत चढत चारच्या पुढे जायला हवा. सेन्सरच्या बाजूला सगळं बरोबर येत होतं पण कनेक्टरच्या पलीकडं, ईसीयूकडं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडं, जाणाऱ्या वायरवर काहीच नाही. कनेक्टर उघडला तर आत पाणी शिरून एक पिन हिरवी पडलेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन जरा आवळली, गाडी चालू. दहा मिनिटं लागली असतील. नवीन बॅटरी मी काढून घेतली, गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला वाईट कशाचं वाटलं तर पोरगा रात्री शटर ओढताना म्हणाला, "दादा, मला आता काही येत नाही असं वाटायला लागलंय." सात वर्षं काम केलेला माणूस असं बोलतो. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला, बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि त्या एका तारखेनं माझ्यासारख्या किती गॅरेजवाल्यांचं निम्मं ज्ञान बाजूला पडलं. त्यात आता ईव्ही. माझ्या गल्लीतच आठ-दहा इलेक्ट्रिक स्कूटर आहेत, त्यांचं पंक्चर आणि ब्रेक सोडून मी कशालाही हात लावत नाही.

तर दोन प्रश्न आहेत. एक, माझा भाचा यंदा दहावी झालाय, त्याला माझ्याच लाइनमध्ये यायचंय, त्याने आयटीआयला कुठला ट्रेड घ्यावा. आणि दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय, की हा जो सात वर्षं काम केलेला पोरगा आहे त्याने शिकायला कुठं जायचं? तो दोन वर्षं काम सोडून वर्गात बसू शकत नाही, घरी आई आहे, धाकटी बहीण शिकतीये.

---

स्क्रू_ड्रायव्हर

दादा, एवढं टेन्शन घेऊ नका, यूट्यूबवर सगळं आहे. मी स्वतः एफआयचं काम तसंच शिकलो, हिंदीत शेकडो व्हिडिओ आहेत, रोज रात्री एक बघायचा आणि सकाळी करून बघायचं. भाच्याला सरळ एखाद्या ईव्हीवाल्याकडं चिकटवा, दोन वर्षं आयटीआयमध्ये घालवण्यापेक्षा तिथं लवकर शिकेल.

---

शिल्पनिदेशक

मी एका शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्प निदेशक आहे, कुठली संस्था ते सांगत नाही कारण जे लिहिणार आहे ते माझं स्वतःचं मत आहे.

आधी यूट्यूबबद्दल. व्हिडिओ बघून शिकायला माझा विरोध नाही, मी स्वतः वर्गात दाखवतो. डीजीटीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, भारत स्किल्स पोर्टलवर सगळ्या ट्रेडचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच फुकट पडलेत, तेही पोरांना सांगतो. पण व्हिडिओमध्ये तुमची चूक कोण दाखवणार? पाना_नंबर_बारा, तुमच्या पोराने काय केलं ते परत वाचा. एकामागून एक पार्ट बदलत गेला. तो त्याचा आळस नाही, कार्बोरेटरच्या गाडीत ती पद्धत चालायची, कारण संशयित चार-पाचच असायचे आणि ते डोळ्याला दिसायचे, हाताला लागायचे. एफआयच्या गाडीत बिघाड वायरमध्ये असतो, तो दिसत नाही, त्याला मोजावंच लागतं. म्हणजे त्याला नवीन गाडी शिकवायची नाहीये, विचार करायची पद्धत बदलायचीये. ती कुणीतरी शेजारी उभं राहून "थांब, आधी इथं किती व्होल्ट येतात ते बघ" असं वीस वेळा म्हटल्याशिवाय बदलत नाही हा माझा चौदा वर्षांचा अनुभव.

आता भाच्याचं. आयटीआयला मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा दोन वर्षांचा ट्रेड आलाय, मेकॅनिक मोटर व्हेईकल आहेच, तोही दोन वर्षांचा. माझं मत विचाराल तर ट्रेडच्या नावावर जाऊ नका. ज्या संस्थेत घालणार तिथं एकदा जाऊन वर्कशॉप बघून या. ईव्हीच्या वर्गात खरीखुरी गाडी आहे का, बॅटरी पॅक उघडून ठेवलाय का, का नुसते भिंतीवर तक्ते आहेत. आणि शिकवणारा नियमित आहे का तासिकेवरचा, आणि त्याचं स्वतःचं ट्रेनिंग कधी झालंय ते विचारा. विचारायला लाजू नका. नाहीतर सरळ इलेक्ट्रिशियन घ्या, ओहमचा नियम पक्का झालेला पोरगा ईव्ही सहा महिन्यांत पकडतो, उलटं होत नाही.

शिकवणाऱ्याचं मुद्दाम लिहिलं, कारण सगळी चर्चा पोरांनी काय शिकावं यावर होते. मी १४ वर्षांपूर्वी लागलो तेव्हा लिथियमची बॅटरी फक्त मोबाइलमध्ये बघितली होती. ईव्हीचं जे येतं ते एका आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये आणि बाकी स्वतःच्या खिशातून पार्ट आणून शिकलो. तापकीर गल्लीतून जुना ४८ व्होल्टचा पॅक आणला, तो उघडून लाकडी फळीवर मांडला. त्यात सेलचे १३ गट एकामागोमाग जोडलेले असतात, प्रत्येक गट ३.७ व्होल्टचा, गुणाकार केला की ४८ येतात. फुल चार्ज झाल्यावर प्रत्येक गट ४.२, म्हणजे ५४.६. पोरांना सांगतो प्रत्येक गटावर मीटर लावा आणि वहीत लिहा. बारा गट ३.९ दाखवतात आणि एकच २.७ दाखवतो. मग विचारतो, गाडी का चालत नाही? पॅकवर तर ४९ व्होल्ट येतायत! तिथं पोरं गप्प होतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, सर तो एक गट खाली गेला म्हणून बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सगळंच तोडलं असेल. तो क्षण बघायला मी रोज सव्वा तास बस बदलत येतो.

---

भोसरी_व्हीएमसी

सर तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. आमच्या लाइनमधलं सांगतो, गाड्यांचं नाही पण दुखणं तेच आहे.

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये सेटर आहे, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) आणि टूल लावून देणारा. चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि दोन सीएनसी टर्निंग (तसेच लेथ). माझा ट्रेड मशिनिस्ट. आमच्याकडं पोरं येतात आणि म्हणतात सीएनसी येतं. येतं म्हणजे काय तर जॉब लावायचा, दार बंद करायचं, हिरवं बटण दाबायचं. तीन महिन्यांचा कोर्स करून येतात, बिचाऱ्यांच्या बापाने फी भरलेली असते, आणि जी५४ म्हणजे काय विचारलं तर जॉबचा शून्य कुठं धरला ते मशीनला सांगायचं असतं एवढंही सांगता येत नाही.

एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. बऱ्याच कंट्रोलवर प्रोग्राममध्ये एक्स ५० लिहिलं आणि पुढचं टिंब राहिलं की मशीन ते ५० मिलिमीटर न धरता ५० मायक्रॉन धरतं. नवीन पोराने एडिट करताना नेमकं तेच केलं, झेडच्या ओळीत. टूल जॉबच्या वर ५० मिलिमीटर उचलायला पाहिजे होतं, ते जेमतेम केसाएवढं वर गेलं आणि पुढची ओळ होती जी००, म्हणजे पूर्ण वेगात आडवं. समोर क्लॅम्प. आवाज असा झाला की शेजारच्या शेडमधली माणसं पळत आली. टूल गेलं, होल्डर गेला, स्पिंडल तपासायला माणूस बोलवावा लागला. पोरगा थरथरत होता. मालक त्याला काढून टाकणार होते, मी म्हणलं साहेब ह्याला कुणी शिकवलंच नाही, आधी ड्राय रन घ्यायचा, म्हणजे जॉब न कापता रिकामं चालवून बघायचं, सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवायची, हात फीडच्या नॉबवर ठेवायचा. तो राहिला. आज तो माझ्या शिफ्टचा सगळ्यात सावध माणूस आहे.

माझं म्हणणं एवढंच की मशीन जितकं हुशार होतंय तितकं मूळ जास्त पक्कं लागतंय. मीटर म्हणा, मायक्रोमीटर म्हणा, ड्रॉइंग वाचणं म्हणा. ०.०१चा फरक हाताला कळलाच नाही तर स्क्रीनवरच्या आकड्याला काय अर्थ?

---

जुना_अप्रेंटिस

भोसरीकर बरोबर बोलतायत. मी १९७४ ला पिंपरीला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) अप्रेंटिस लागलो, वय सोळा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली. पहिले कित्येक आठवडे हातात फक्त कानस आणि समोर लोखंडाचा ठोकळा. सहाही बाजू सपाट आणि गुण्याला लागल्या पाहिजेत. गुण्या लावून उजेडाकडं धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत कानस. हाताला फोड यायचे. तेव्हा वाटायचं मशीन असताना हे कशाला, पण पुढं एनसी मशीन (आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणारी, सीएनसीच्या आधीची) आली तेव्हा आमच्याच बॅचमधल्या लोकांना आधी निवडलं, कारण धातू कुठं दबतो, कुठं ताणतो, टूल का ओरडतं हे आम्हाला अंगातून कळत होतं.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या, तरुणांनी आणि विशेष करून सरकारने. आम्ही एनसी शिकलो तेव्हा कामावरच होतो, पगार चालू होता, कंपनीने वर्ग घेतले. वयाच्या तिशीत मी परत वर्गात बसलो आणि घरात चूल बंद पडली नाही. धनकवडीच्या त्या पोराला तीच सोय कुणी दिली नाही. मोठ्या कारखान्यातल्या माणसाला ती मिळते, गॅरेजवाल्याला, वेल्डरला, वायरमनला मिळत नाही, आणि संख्येने तेच जास्त आहेत.

---

पाना_नंबर_बारा

काका, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मला हेच म्हणायचं होतं पण सांगता येत नव्हतं. सगळ्या योजना बघितल्या तर एकतर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहेत नाहीतर बेरोजगारांसाठी. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात आयटीआय झालेल्याला महिना ८००० मिळतात, चांगलंच आहे, पण ती नवीन पोरांना अनुभव मिळावा म्हणून आहे. माझ्या पोराकडं अनुभवच आहे, त्याला वरचं ज्ञान पाहिजे. जो काम करतोय त्याच्यासाठी संध्याकाळी सात ते नऊ, किंवा रविवारी, असं काही कुणाला माहितीये का?

आरपीएलबद्दल ऐकलं होतं, कौशल्य विकास योजनेतलं, अनुभवाला प्रमाणपत्र मिळतं ते. आमच्या भागातल्या एकाने केलं. प्रमाणपत्र मिळालं, फ्रेम करून भिंतीला लावलंय. पण शिकला काय विचारलं तर म्हणाला जे येत होतं तेच तपासलं.

---

छतावरची_ताई

मी वायरमन ट्रेड केलाय. आमच्या बॅचला आम्ही दोघीच मुली होतो. आता सोलर बसवायचं काम करते, सिंहगड रोड, नऱ्हे, आंबेगाव ह्या बाजूला जास्त. फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली आणि काम एवढं वाढलं की माणसं मिळेनात. तीन किलोवॅटला ७८००० अनुदान मिळतं म्हटल्यावर लोक बसवणारच. मग झालं काय, जो कुणी घरातलं वायरिंग करत होता तो छतावर चढला.

मी तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगते. घरातला करंट एसी असतो, तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी विझते. पॅनलचा करंट डीसी, तो शून्यावर येतच नाही, एकदा आर्क पेटला की पेटून राहतो. एक पॅनल उन्हात ४५-५० व्होल्ट देतं, दहा पॅनल एकामागोमाग जोडले की पाचशेच्या आसपास जातं. आणि थंडीत व्होल्टेज वाढतं, हे कितीतरी जणांना माहीतच नाही, डिसेंबरमधल्या सकाळी आठ वाजता ऊन पडलं की सगळ्यात जास्त. पंधरा वर्षं इमाने इतबारे वायरिंग केलेला एक काका माझ्यासमोर उन्हात, चालू लोडवर, पॅनलच्या वायरी जोडायचा एमसी-४ चा कनेक्टर ओढायला गेला. मी ओरडले म्हणून थांबला. त्याला राग आला, बाई शिकवतीये म्हणून. नंतर खाली चहा पिताना मी त्याला सगळं समजावलं, तेव्हा तो म्हणाला, पोरी, मला हे कुणी सांगितलंच नाही गं, मला वाटलं मेन बंद केलं म्हणजे झालं. अहो, मेन बंद केलं तरी पॅनलवर ऊन आहे तोवर ते बंद होत नाही!

तो काका अडाणी नाही. त्याचं काम बघाल तर एकही वायर वाकडी दिसणार नाही. त्याला फक्त दोन दिवस कुणीतरी बसवून डीसी शिकवायला पाहिजे होतं. दोन वर्षं नाही, दोन दिवस.

---

कोथरूडची_आई

मध्येच विचारते, विषय थोडा वेगळा वाटेल. माझ्या मुलाला हाताने काम करायची फार आवड आहे, घरातला मिक्सर खोलून परत जोडतो, पण घरात सगळे म्हणतात आयटीआय म्हणजे मार्क कमी पडलेल्यांनी करायचं, डिप्लोमाला घाल. इथलं वाचून मन दोन्हीकडं होतंय. आयटीआय केल्यावर पुढचे रस्ते बंद होतात का?

---

शिल्पनिदेशक

ताई, बंद होत नाहीत. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, माझे कितीतरी विद्यार्थी गेलेत. आणि ती मुलं डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये इतरांना शिकवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. गणिताला मात्र सुरुवातीला जड जातं, त्याची तयारी आयटीआयला असतानाच करून घ्या.

छतावरच्या ताई, तुमची पोस्ट मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

---

हबमोटर

मी एका ईव्ही सर्व्हिस सेंटरला आहे, नाव नको. पाना_नंबर_बारा दादांनी आठ-दहा स्कूटर गल्लीत आहेत म्हणलं त्यावरून लिहितो. बाहेरच्या गॅरेजला ईव्हीचं काम का जमत नाही त्यात शिक्षणाचा भाग निम्मा आहे. उरलेलं निम्मं म्हणजे सॉफ्टवेअर. कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला तर लॅपटॉप लावून तो गाडीशी जोडावा लागतो आणि ते सॉफ्टवेअर कंपनी बाहेर देत नाही. त्यामुळं कितीही शिकलात तरी काही कामं अडणार, हे आधीच माहीत असलेलं बरं म्हणजे पोराचा परत हिरमोड होणार नाही.

पण जे अडत नाही तेही खूप आहे. आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांत कनेक्टरमध्ये पाणी, साइड स्टँडचा स्विच, ब्रेकचा स्विच (तो अडकला की कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलाय आणि मोटर फिरत नाही), मुठीतला हॉल सेन्सर (चुंबकावरून मूठ किती पिळली ते ओळखणारा), १२ व्होल्टचा कन्व्हर्टर, ह्यातलंच बरंच निघतं. ही सगळी कामं मल्टीमीटरवाला माणूस करू शकतो. पॅक उघडायचा नाही, तेवढं एक पथ्य. स्कूटरचा पॅक ६० व्होल्टच्या आतबाहेर असतो, शॉकपेक्षा शॉर्टची भीती मोठी, दोन टर्मिनलवर पाना पडला तर पाना वितळतो. हातातलं कडं, अंगठी काढूनच काम करायचं. कारचं तर वेगळंच, तिथं तीनशे-चारशे व्होल्ट, नारिंगी वायर दिसली की ट्रेनिंग नसलेल्याने हात लावायचाच नाही. सर्व्हिस प्लग काढल्यावरसुद्धा इन्व्हर्टरमधला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा पार्ट) उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग मीटरने शून्य बघूनच पुढं.

भाषेचंही कुणीतरी बोला. मॅन्युअल इंग्रजीत, ट्रेनिंगची पीपीटी इंग्रजीत, शिकवणारा साहेब फाडफाड बोलून जातो आणि आमच्यातली निम्मी पोरं मान हलवतात. मी मराठी मीडियमचा, मला पहिले तीन महिने "ओपन सर्किट" म्हणजे सर्किट चालू असं वाटायचं! दार उघडं म्हणजे जायला वाट असते ना, तसं. तुटलेली वायर म्हणजे ओपन, हे एकाने मराठीत सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शब्द इंग्रजीच राहू देत, सेन्सरला सेन्सरच म्हणा, पण समजावून सांगा मराठीत.

---

शिरूरचा_पोऱ्या

मी पाबळच्या विज्ञान आश्रमात एक वर्षाचा कोर्स केला होता, डीबीआरटी, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाचा पायाभूत डिप्लोमा. डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेली संस्था. तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया सगळं एकाच वर्षात आणि सगळं करून शिकायचं, गावातल्या लोकांची खरी कामं घ्यायची, पैसे घेऊन. २००२ पासून तिथं फॅब लॅबही (कॉम्प्युटरवरच्या मशीनने वस्तू बनवायची कार्यशाळा) आहे, म्हणजे नांगराचा फाळ वेल्ड करणारा पोरगा शेजारच्या खोलीत जाऊन सर्किट बनवायचा. मला आज ट्रॅक्टरचं स्टार्टर पण येतं आणि ड्रिपचा टायमर पण.

सांगायचं कारण, तिथं "हे माझ्या ट्रेडमध्ये नाही" असं कुणी म्हणायचं नाही. आता गाडीत मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन वेगळा राहिलाय का? पुण्यात पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून धावतायत, त्याला ब्रेक पण आहेत, सस्पेन्शन पण आहे आणि बॅटरी पण. तीन ट्रेडची माणसं एकाच गाडीभोवती उभी करणार का? हबमोटर भाऊंच्या ओपन सर्किटला मात्र शंभर टक्के अनुमोदन.

---

स्क्रू_ड्रायव्हर

मी वर जे लिहिलं होतं ते थोडं मागं घेतो. काल छतावरच्या ताईंचं वाचल्यावर बायकोच्या माहेरी सोलर बसवलेल्या माणसाला फोन करून विचारलं, डीसी साइडचा आयसोलेटर, म्हणजे पॅनलची लाइन तोडायचा स्विच, कुठंय. त्याला माहीत नव्हतं. हा माणूस पण व्हिडिओ बघूनच शिकलाय.

---

पाना_नंबर_बारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भाच्याला घेऊन दोन संस्था बघून आलो, त्यातली एक औंधची. सरांनी सांगितलं तसं वर्कशॉप बघायला मागितलं. भाच्याने स्वतःच ठरवलं, पहिला पसंतीक्रम इलेक्ट्रिशियन, दुसरा ईव्ही. रविवारी गॅरेजवर येईल ते वेगळं.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. वाट बघत बसण्यात अर्थ नाही. माझं गॅरेज रविवारी बंद असतं. धनकवडी, कात्रज, आंबेगाव इथले ओळखीचे गॅरेजवाले विचारले, सातजण तयार आहेत, सगळे तीस ते पन्नास वयाचे. सर, तुम्ही दोन रविवार सकाळी दहा ते एक आलात तर फार उपकार होतील. फी काढून देऊ, येण्याजाण्याचं बघू. हबमोटर भाऊ जमलं तर तुम्ही पण. हिशोब साधा ठेवू, प्रत्येकाने स्वतःचा मल्टीमीटर आणायचा.

---

शिल्पनिदेशक

फी नको. येतो. मल्टीमीटर ऑटोरेंजचा (रेंज आपोआप निवडणारा) घ्या आणि प्रोब चांगल्या बघून घ्या, स्वस्तातल्या मीटरच्या वायरी आतून तुटतात आणि मग तुम्ही चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवता. पहिल्या रविवारी गाडी नाही. १२ व्होल्टची बॅटरी, दोन बल्ब, एक स्विच, एक रिले आणि भरपूर वायर, एवढंच. आधी सगळ्यांनी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते, मोजायचा. आणि शिकायला मीच येतोय असंही समजा, कारण एफआयच्या गाडीचं मला फारसं येत नाही, ते मला तुमच्याकडून पाहिजे.

---

पाना_नंबर_बारा

पहिला रविवार झाला म्हणून कळवतोय. सातजण म्हणालो होतो, अकरा आले. शिवाय छतावरच्या ताई आणि भोसरीकर दोघंही आले, कुणाला वाटलं नव्हतं. पोह्यांचं पातेलं दोनदा चढवावं लागलं.

सरांनी एका वायरला मुद्दाम आतून अर्धवट तोडलेलं होतं, वरून प्लास्टिक धडधाकट. बल्ब मिणमिणता लागत होता. सगळे म्हणाले बॅटरी उतरली. बॅटरीवर मीटर लावला, १२.६. मग सगळे म्हणाले बल्ब खराब. बल्ब बदलला, तसाच. एक पन्नाशीचे काका आहेत, नाना पेठेत पार्टच्या दुकानात होते आधी, ते चिडून म्हणाले मग आहे तरी काय. सर काहीच बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, वायरच्या ह्या टोकाला एक प्रोब आणि त्या टोकाला दुसरी. काकांनी लावली. बल्ब लागलेला असताना एकाच वायरच्या दोन टोकांमध्ये ४.१ व्होल्ट. काका मीटरकडं बघतच राहिले. म्हणाले, म्हणजे व्होल्ट इथंच खाल्ले जातायत? वायर नीट असती तर जवळपास शून्य यायला हवं होतं ना? सर म्हणाले हो, आणि ही मोजणी तुम्हाला कोणत्याही गाडीत, पेट्रोल असो वा ईव्ही, रोज करायचीये.

माझा पोरगा दिवसभर जास्त काही बोलला नाही. पण काल, मंगळवारी, एक गाडी आली, हेडलाइट मंद. त्याने पान्याला हात लावायच्या आधी मीटर काढला, अर्थच्या वायरला लावला, आणि मला हाक मारून आकडा दाखवला. १.८. अर्थचा बोल्ट गंजलेला. घासून आवळला, पाच मिनिटं. वहीत लिहून ठेवलंय त्याने, तारखेसकट.

सर, पुढच्या रविवारी हबमोटर भाऊ एक जुना कंट्रोलर घेऊन येतायत. मोटरकडं जाणाऱ्या तीन जाड वायरी आणि हॉल सेन्सरच्या पाच बारीक, ह्यात काय कशाला मोजायचं ते आधीच फळ्यावर काढून ठेवलं तर चालेल का? फळा मी आणलाय.